पुडिंगमधून केळे का वगळता?

उन्हाळ्यात अमळनेरला आमच्या घरी पाहुणे आले, की एक थंड पदार्थ हमखास होतो. काचेच्या भांड्यात तळाशी केकचा नाहीतर बिस्किटांचा थर, त्यावर फळांच्या फोडी, त्यावर घट्ट कस्टर्ड, पुन्हा फळे, पुन्हा कस्टर्ड. कोणी त्याला पुडिंग म्हणते, कोणी फ्रूट कस्टर्ड. फळे मात्र दूरची: सफरचंद आणि डब्यातला अननस. "केळे घालू या का?" असे विचारले, की उत्तर ठरलेले, "नको, काळे पडते!"

मित्रांनो, मला हे मुळीच पटत नाही. अमळनेरहून तापी ओलांडली की चोपडा आणि पुढे यावल, रावेर हा सारा केळीचा मुलूख. जळगावच्या केळ्याला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. भाव कोसळला की हीच केळी गुरांपुढे टाकावी लागतात आणि आपण दुकानातून अननसाचा डबा आणतो! खरे तर दोष केळ्याचा नाही, आपल्या करण्याचा आहे.

केळे चिरले की त्याच्या पेशी फुटतात. पेशीत वेगवेगळ्या जागी असलेले फिनॉल गटातील पदार्थ आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचे विकर एकत्र येतात. हवेतला प्राणवायू मिळाला, की तपकिरी रंगद्रव्य तयार होऊ लागते. म्हणजे रंग बदलायला विकर आणि हवा दोन्ही हवीत. लिंबाच्या रसातील आम्लामुळे विकराचे काम मंदावते आणि कस्टर्डच्या थराखाली हवा फारशी पोचत नाही. मग केळे सगळ्यात शेवटी चिरा, चकत्यांना थोडा लिंबाचा रस चोळा आणि लगेच कस्टर्डखाली झाका. वरच्या थरावर सजावट म्हणून मांडाल, तर ते काळवंडणारच.

अख्खे केळे फ्रिजमध्ये ठेवले की साल काळी पडते, हा प्रकार निराळा. उष्ण प्रदेशातल्या या फळाला सुमारे 13 अंश सेल्सिअसखालची थंडी सोसत नाही. तेव्हा केळी बाहेरच असू द्या, थंड करायचे ते कस्टर्ड.

कस्टर्ड पावडर म्हणजे मुख्यतः मक्याचा स्टार्च, रंग आणि वास. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी 1837 साली ती तयार केली, कारण त्यांच्या पत्नीला अंडे सोसत नसे. स्टार्चचे दाणे साधारण 65 ते 70 अंशांना पाणी पिऊन फुगू लागतात. पावडर थेट उकळत्या दुधात टाकली, तर गोळ्याचे बाहेरचे दाणे आधी फुगून चिकट कवच करतात आणि आतली पावडर कोरडीच राहते. एकदा मी असे केले आणि पाहुण्यांसमोर कस्टर्ड चाळणीतून गाळावे लागले. म्हणून पावडर आधी गार दुधात कालवायची. शिजलेले कस्टर्ड कोमट झाल्यावरच फळांवर ओता. कढत ओतले, तर फळे शिजून पाणी सोडतात आणि थर एकमेकांत मिसळतात.

आता त्या डब्यातल्या अननसाबद्दल. ताज्या अननसातले ब्रोमेलिन हे विकर दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करते आणि कस्टर्ड कडवट लागते. डब्यातला अननस तापवलेला असतो, म्हणून तो चालतो. पपईचेही असेच: तिच्यात पपेन असते. या बाबतीत आपले केळे अगदी गरीब!

चव घेतलेला चमचा मात्र पुन्हा भांड्यात घालू नका. लाळेतले अमायलेज स्टार्च तोडते आणि घट्ट थर पातळ होतो. दूध नासते, म्हणून दुपारी केलेले पुडिंग फ्रिजमध्ये ठेवून त्याच रात्री संपवावे.

पुढच्या वेळी तीन वाट्या घ्या. एकीत केळ्याच्या नुसत्या चकत्या, दुसरीत लिंबू चोळलेल्या, तिसरीत लिंबू चोळून कस्टर्डखाली झाकलेल्या. दर अर्ध्या तासाने रंग पाहून वहीत टिपा (तिसऱ्या वाटीत चमच्याने थोडे उकरून पाहावे लागेल) आणि तुमचा तक्ता आम्हाला पाठवा.