जुळवणीत हरवणारा किनारा

१/७
जुन्या नकाशाचा फाटका तुकडा. गावाचे नाव नाही, प्रमाण नाही. आहे ती केवळ एक वाकडीतिकडी रेघ, एका बाजूस जमीन आणि दुसऱ्या बाजूस पाणी. हा किनारा कुठला, हे आज संगणकाला विचारता येते. परंतु ठाणे-कल्याणच्या खाडीविषयी त्याच्या उत्तरावर डोळे झाकून विसंबणे अभ्यासकाला परवडणारे नाही.

२/७
पद्धत अशी : संगणक प्रथम चित्रातील गडद-फिकट छटांवरून कडा शोधतो. जॉन कॅनी यांनी १९८६ साली मांडलेली रीत त्यासाठी आजही वापरली जाते. मग ती रेघ फिरवून, लहानमोठी करून, सरकवून उपग्रहचित्रातील किनाऱ्यावर बसवली जाते. जिथे सर्वांत कमी अंतर उरते, ती 'उत्तम जुळणी'.

३/७
पहिली अडचण आकाराची. किनारा जितका बारकाईने मोजावा तितकी त्याची लांबी वाढत जाते, हे बेन्वा मँडेलब्रॉट यांनी १९६७ साली ब्रिटनच्या उदाहरणाने मांडले. वळणात वळणे असतात आणि ती एकमेकींसारखी दिसतात. आखूड तुकडा ठाण्यालाही बसतो आणि वसईलाही.

४/७
दुसरी अडचण अधिक गंभीर : येथील किनारा जागेवर राहिलेलाच नाही. मिठागरे, खारबंदिस्ती, तिवरांची वाढ आणि तोड, रेतीउपसा, भराव. शिवाय १८५४ मध्ये खाडी ओलांडून कल्याणला पोहोचलेली रेल्वे. खोली मोजणारा नाविक नकाशा आणि जमीन मोजणारा नकाशा यांची रेघ भरती-ओहोटीच्या एकाच वेळेची असेलच असे नाही.

५/७
'पेरिप्लस'मध्ये ज्याचा उल्लेख आहे आणि जेथील दात्यांची नावे कान्हेरीच्या लेखांत कोरलेली आहेत, ते कल्याण हे बंदर होते. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यावर मराठी आरमाराचा आरंभ याच खाडीत झाला. जुन्या नकाशातील पात्र ओढूनताणून आजच्या पात्रावर बसवले, तर उरलेल्या फरकाला संगणक 'त्रुटी' म्हणतो. इतिहास नेमका त्या त्रुटीत असतो.

६/७
म्हणून किनाऱ्याची जुळवणी किनाऱ्याने करू नये. आधार घ्यावा तो न हललेल्या खुणांचा : दुर्गाडी, पारसिकचा डोंगर, १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून जिंकलेला ठाण्याचा किल्ला, म्हणजेच आजचे कारागृह. या खुणा आधी बसवाव्यात आणि मग रेघ किती सरकली ते पाहावे. ज्या तुकड्यावर अशी एकही खूण नाही, त्यापुढे 'शक्य' एवढेच लिहावे. माणूसही आपलेच गाव पाहू इच्छितो, हे खरे. हजारो पत्रे चाळण्यास यंत्र हवेच. मात्र त्याने उमेदवार सुचवावेत, निवाडा देऊ नये.

७/७
हा केवळ पांडित्याचा वाद नव्हे. एका मैलाला एक इंच या प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे सुमारे ६३ मीटर. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेपासून भरतीरेषा कुठे, यावर बांधकामाचे भवितव्य ठरते. तेथे पूर्वी पाणी होते, तिवरे होती की शेत, या प्रश्नावर कोळी-आगरी वस्त्यांचे जगणे टांगलेले असते. जुना नकाशा साक्षीला बोलवायचाच असेल, तर त्याला आधी आजच्या साच्यात कोंबून त्याची साक्ष बदलू नये.