मोबाईलचा पंचनामा कोण करणार?

बोगस बियाण्याची तक्रार झाली की पुढे काय होते, हे आपल्या शेतकऱ्याला सांगायला नको. बियाणे निरीक्षक येतो, नमुना घेतो, त्याचे तीन भाग करून सील ठोकतो. एक भाग दुकानदाराला, एक प्रयोगशाळेला आणि एक राखून ठेवायला. १९६६ च्या बियाणे कायद्याने घालून दिलेली ही रीत आहे. सील फुटलेले निघाले तर प्रयोगशाळेचा अहवाल कितीही खरा असो, समोरचा वकील तो कोर्टात उडवून लावतो. पुरावा नुसता असून भागत नाही, तो सांभाळावा लागतो.

आता हाच न्याय मोबाईलला लावून पाहा. आज सातबारा संगणकावर आहे, पीक पाहणी मोबाईलवर आहे, अनुदान थेट बँकखात्यात येते. मग चोर तरी बांधावर कशाला येईल? ‘पीएम किसान’च्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर बनावट फाईल येते, शेतकरी ती उघडतो आणि खाते रिकामे होते. घाबरलेला माणूस १९३० या क्रमांकावर तक्रार करण्याआधी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात धाव घेतो. दुकानदार भल्यासाठीच म्हणतो, “काका, सगळं साफ करून देतो.” फोन साफ होतो आणि त्याबरोबर पुरावाही साफ होतो. म्हणजे बैल गेला आणि झोपा केला!

फोन, संगणक, कॅमेरा यांतला पुरावा न बिघडवता काढणे, तपासणे आणि कोर्टात टिकेल असा मांडणे, या शास्त्राला डिजिटल फॉरेन्सिक म्हणतात. यातही लाखेचे सील असते. फाईलवर गणिती प्रक्रिया करून एक लांबलचक आकडा काढतात, त्याला ‘हॅश’ म्हणतात. फाईलमधला एक स्वल्पविराम जरी बदलला तरी हा आकडा बदलतो आणि कोणीतरी हात लावला हे उघड होते.

हे सारे मुंबई-पुण्याचे विषय आहेत असे कोणाला वाटत असेल तर त्याने जालन्याकडे पाहावे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तेथे उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाल्याचा आरोप झाला. निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्याचे चित्रण होते. पण त्या चित्रणाच्या प्रतीला कायद्याने लागणारे प्रमाणपत्र मागूनही अधिकाऱ्यांकडून मिळाले नाही. खोतकर विरुद्ध गोरंट्याल हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने जुलै २०२० मध्ये निकाल दिला, की मूळ यंत्रच कोर्टात हजर केले नसेल तर प्रतीसोबत प्रमाणपत्र हवेच. मात्र अर्जदाराने ते मिळवण्यासाठी शक्य ते सर्व केले होते, म्हणून त्याला त्याचा फटका बसू दिला नाही. हा निकाल लागला तेव्हा त्या विधानसभेची मुदतही संपून गेली होती. एका कागदाचा प्रश्न सुटायला इतका काळ जावा, याला काय म्हणावे?

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि हे काम आणखी वाढले. त्याच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. पहिला भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत हॅशचा आकडा लिहायचा. शिवाय सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी गेले पाहिजे, अशी तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे. ती अंमलात आणायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. कायद्याने मागणी लिहून ठेवली. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? तालुक्याच्या गावी हा तज्ज्ञ आणायचा कोठून?

राज्यात काहीच नाही असे आम्ही म्हणत नाही. मुंबई, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. गुजरातच्या फॉरेन्सिक विद्यापीठाला २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय दर्जा मिळाला, त्याची एक शाखा गोव्यात आहे. पण हे शिक्षण मोठ्या शहरांभोवतीच घुटमळत राहिले, तर पदवी घेतलेला मुलगा बँकेत नाहीतर खाजगी कंपनीत जाईल. आणि आपल्या गावचा फोन प्रयोगशाळेत पाळीची वाट पाहत पडून राहील.

म्हणून विद्यापीठांना आमचे सांगणे असे. पहिली गोष्ट, यंत्र चालवायला शिकवून थांबू नका. फोन उघडण्याची महागडी उपकरणे दोन-चार वर्षांत जुनी होतात. माहिती कशी साठते, पुसली म्हणजे नेमके काय होते, हे पक्के शिकवा. त्यासाठी ‘ऑटोप्सी’सारखी फुकट मिळणारी साधने आहेत, साध्या महाविद्यालयालाही ती परवडतील. दुसरी गोष्ट, कायदा आणि संगणक एकाच वर्गात आणा. कोर्टात उलटतपासणीला उभे राहता न येणारा तज्ज्ञ काय कामाचा? विद्यार्थ्याला काही महिने जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात काम करू द्या. तिसरी गोष्ट, मराठीतून शिकवा. पंचनामा मराठीत होतो, साक्ष मराठीत होते, मग धडा इंग्रजीतच का?

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सगळ्यांनाच तज्ज्ञ व्हायचे नाही. ग्रामपंचायतीच्या कॅमेऱ्याची डिस्क भरली की जुन्या चित्रणावर नवे चढते. चोरीनंतर ते आधी वेगळे काढून ठेवावे, हे कोणी शिकवले? उद्या सोसायटीच्या किंवा पंचायतीच्या संगणकातली नोंद कोर्टात गेली, तर प्रमाणपत्राच्या पहिल्या भागावर सही सचिवाला नाहीतर ग्रामपंचायत अधिकाऱ्यालाच करावी लागेल. ती सही कशावर करतो, हे त्याला कळायला नको का? यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे राज्यभर आहेत, कृषी विद्यापीठांची विज्ञान केंद्रे शेतकऱ्याच्या ओळखीची आहेत. तेथे पोलीस पाटील, ग्राम महसूल अधिकारी, सोसायटीचे सचिव यांच्यासाठी चार-सहा आठवड्यांचा मराठी वर्ग सुरू करायला कोणाची हरकत आहे?

सरकारनेही आपला वाटा उचलावा. जिल्ह्याला पदे मंजूर नसतील तर मुलांनी हे शास्त्र शिकायचे कोणाच्या भरवशावर? पाच वर्षांच्या मुदतीतला मोठा काळ उलटत चालला आहे. पदवी पूर्ण करून माणूस तयार व्हायला तीन-चार वर्षे लागतात, हा हिशेब मंत्रालयात कोणीतरी करावा.

आणि शेतकरी बांधवांनो, तोवर एवढे तरी करा. फसवणूक झाली तर आधी १९३० ला फोन लावा. आलेला संदेश, ती फाईल, तो नंबर पुसू नका, फोन कोणाला ‘साफ’ करू देऊ नका. बोगस बियाण्याची रिकामी पिशवी आणि पावती आपण जपून ठेवतोच ना? मोबाईलचीही तीच गत आहे.