फणसाडच्या गावांना भाडे द्या

मांडव्याच्या जेट्टीवर उतरलेली मुंबईकर कुटुंबे अलिबाग, काशीद, मुरूड अशी किनाऱ्याने पुढे जातात. त्याच बाजूच्या डोंगरात फणसाड अभयारण्य आहे, हे त्यांच्यातल्या अनेकांना ठाऊकही नसते. मूळच्या आफ्रिकी सिद्दी घराण्यातल्या जंजिऱ्याच्या नवाबांचे हे शिकारीचे रान १९८६ मध्ये अभयारण्य झाले. फणसाड ठाऊक नसले, तरी आता मराठी घरांतून केनियाच्या मसाई मारा सफारीला जाणे नवलाचे राहिलेले नाही. त्यांनी जरूर जावे, पण सिंह पाहताना तिथली जमीन कशी राखली आहे हेही विचारावे. माराच्या राखीव क्षेत्राला लागून मसाई कुटुंबांच्या मालकीची कुरणे आहेत. ती तुकड्यांत विकली जाऊन कुंपणे पडू लागली होती. गेल्या दोन दशकांत मालकांनी एकत्र येऊन ती पर्यटन कंपन्यांना भाड्याने दिली. कुंपण घालायचे नाही, पर्यटकांच्या खाटा आणि गाड्या मोजक्याच, आणि भाडे दरमहा मालकाच्या खात्यात. फणसाडला हाच धडा हवा, कारण अभयारण्याची हद्द सरकारी कागदावर संपते, बिबट्याची आणि शेकरूची संपत नाही. हद्दीबाहेरची झाडी लोकांच्या सातबाऱ्यावर आहे. २०२० मध्ये मांडव्याची रो-रो बोटसेवा आणि २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाल्यापासून मुंबईचा पैसा या जमिनीच्या अधिकच जवळ आला आहे.

फणसाडला सिंह नाहीत, दाट झाडीत काही दिसत नाही, मग पैसे कोण देईल, असे विचारले जाईल. जीपमधून पाहण्याचे हे रान नव्हेच. इथे गावातल्या जाणत्या माणसाबरोबर पायी फिरायचे, पाणवठ्यावर दबा धरून बसायचे. म्हणजे मिळकत गाडीवाल्याकडे न जाता गावात राहते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: भाडे विक्रीच्या किमतीला पुरणार नाही. खरेच पुरणार नाही. पण विक्रीचे पैसे एकदाच येतात आणि पुढच्या पिढीच्या हाती जमीन उरत नाही. शिवाय कोविडमध्ये पर्यटक थांबले, तेव्हा मारातली भाडीही घटली होती. म्हणून इथे भाड्याचा भार एकट्या तिकिटावर टाकू नये. वाईट वर्षासाठी शासनाचा राखीव निधी असावा. आणि ज्या कातकरी कुटुंबांच्या नावावर जमीनच नाही, त्यांना वाटाड्याचे काम आणि मिळकतीतला वाटा लेखी मिळाला पाहिजे, नाहीतर ही योजना फक्त खातेदारांची होईल. वनविभागाने आणि जिल्हा परिषदेने फणसाडभोवतीच्या एका तरी ग्रामसभेपुढे असा करार याच वर्षी ठेवावा.