पिकलेल्या केसांना काम हवे

मोहाडी तालुक्यातील आंधळगाव कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, हातमागांसाठी ओळखले जाते. तीन धोट्यांनी विणल्या जाणाऱ्या करवतकाठी साडीत टसरचे अंग आणि सुती काठ करवतीच्या दात्यांसारखे एकमेकांत अडकतात. टसरचा धागा एकसारखा नसतो; कुठे जाड, कुठे नाजूक. तो कधी सैल सोडायचा, हे हाताला कळायला वर्षे जातात. वेग आणि अशी मुरलेली जाण यांतला भेद मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांनी 1963 च्या लेखात मांडला: नवे कोडे झटपट सोडवण्याची बुद्धी तरुणपणानंतर उतरू लागते, अनुभवातून साचलेली जाण मात्र दीर्घकाळ टिकते, अनेकदा वाढतेही. म्हणून पन्नाशीनंतर वेगाची स्पर्धा सोडून पारख, शिकवण आणि सल्ला यांकडे वळणे ही माघार नाही, असे मला ठामपणे वाटते.

यावर कुणी म्हणेल, नुसत्या वयाने शहाणपण येत नाही. खरेच आहे. बर्लिनमध्ये मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासांतही प्रौढ वयात केवळ वाढत्या वर्षांबरोबर शहाणपण वाढताना दिसले नाही. चाळीस वर्षे तीच चूक गिरवणारेही असतातच. पण त्यातून ज्येष्ठांना बाजूला सारण्याचे समर्थन निघत नाही. अनुभव तपासून घेण्याची गरज निघते. शिकणारे पोर ‘असेच का?’ विचारते, तेव्हा जुन्या विणकरालाही हाताची सवय शब्दांत मांडावी लागते. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: मजुरी पुरत नसेल तर पोरे मागावर बसतील कशाला? त्यांना दोष देता येणार नाही. म्हणूनच शिकवणाऱ्या विणकराला शिकवण्याचेही दाम मिळाले पाहिजेत, नुसते शाल-श्रीफळ नव्हे.