पाळीव मांजरांच्या मालकांची नोंद व जबाबदारी निश्चित करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका, शिवाजीनगर, पुणे.

विषय : निवासी परिसरातील व सार्वजनिक उद्यानांतील मांजरांचा वावर, आणि पाळीव मांजरांच्या परवान्याच्या निर्णयाची प्रत्यक्ष अंमलबजावणी.

महोदय,

पाळीव मांजरांसाठी परवाना सक्तीचा करण्यास आपल्या महापालिकेने नोव्हेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली. मांजराला परवाना म्हणजे वाऱ्याला दावे बांधण्यासारखे, असे म्हणून तो निर्णय हसण्यावारी नेणे सोपे आहे. आम्ही खाली सह्या करणारे नागरिक तसे करत नाही. आमच्यात मांजरे पाळणारे आहेत, अंगणात आणि गच्चीवर बागा करणारे आहेत, दोन्ही करणारेही आहेत. सोसायटीच्या सभेत हे दोन पक्ष समोरासमोर येतात, पण ज्याच्यामुळे भांडण होते तो बहुतेक वेळा त्या सभेत नसतोच. तो म्हणजे मांजराचा मालक. कोडकौतुक करायचे तेव्हा मांजर आपले; शेजाऱ्याची तक्रार आली की ते कुणाचेच नाही, बाहेरून येते, आपण फक्त अधूनमधून दूध घालतो. या सोयीच्या संदिग्धतेवर शहरातले मांजरपालन चालले आहे. ती संपवावी, एवढीच आमची मागणी आहे. पुढचे सारे विवेचन तिच्याच पुष्ट्यर्थ आहे.

तक्रारींचे स्वरूप आधी पाहू. मांजराला विष्ठा पुरायला भुसभुशीत, कोरडी माती लागते आणि नुकताच मेथी-कोथिंबीर पेरलेला वाफा त्याला त्यासाठी अगदी योग्य वाटतो. रोपे उकरली जातात, कुंड्या कलंडतात. हे नुकसान त्रासदायक असले तरी किरकोळ आहे आणि त्यासाठी कुणी महापालिकेचे दार ठोठावू नये. वाफ्यावर उसाचे पाचट किंवा नारळाच्या शेंड्या पसरल्या, वर कोंबड्यांची जाळी अंथरली, माती ओलसर ठेवली की बराचसा प्रश्न बागवाल्यालाच सोडवता येतो. मात्र विष्ठेचा प्रश्न एवढ्यावर संपत नाही. टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची लागण झालेले मांजर साधारणपणे आयुष्यात एकदाच, एक ते तीन आठवडे, विष्ठेतून त्याची बीजे बाहेर टाकते. ही बीजे बाहेर पडल्यावर लगेच संसर्गजन्य नसतात. त्यासाठी त्यांना एक ते पाच दिवस लागतात. त्यानंतर मात्र ओलसर मातीत ती महिनोन्‌महिने टिकतात आणि गर्भवती स्त्रियांच्या गर्भाला व प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या रुग्णांना त्यांचा धोका असतो. या माहितीचा सरळ अर्थ काय निघतो? घरातल्या वाळूच्या ट्रेमधली घाण रोज उचलली, तर त्याच मांजरापासूनचा हा धोका जवळजवळ नाहीसा होतो. तीच घाण शेजारच्या पालेभाजीच्या वाफ्यात किंवा बालोद्यानातल्या वाळूच्या हौदात पडली, तर ती कुणी उचलत नाही, कुणाला दिसतही नाही. म्हणजे दोष प्राण्याचा नाही, न उचललेल्या घाणीचा आहे आणि ती उचलण्याचे काम मांजराकडून होणार नाही.

पक्ष्यांची गोष्ट अधिक गंभीर आहे. पुण्याच्या जुन्या बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या बागांत लालबुड्या बुलबुल आणि शिंपी हे पक्षी माणसाच्या हाताला लागेल इतक्या उंचीवर, जास्वंदीत, मधुमालतीच्या वेलात, कधी बाल्कनीतल्या कुंडीतही घरटे करतात. दयाळ जमिनीवर उतरून किडे टिपतो. बुलबुलाची पिल्ले घरट्यातून बाहेर पडतात तेव्हा त्यांना नीट उडता येत नसते. पहिले काही दिवस ती झुडपांच्या बुंध्याशी फडफडत काढतात आणि मांजराला नेमके तेवढेच पुरते. २०१३ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, अमेरिकेत मोकळी फिरणारी मांजरे वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात आणि त्यातला मोठा वाटा बिनमालकीच्या मांजरांचा असतो. हा आकडा पुण्याला जसाच्या तसा लावता येणार नाही, आम्ही लावतही नाही. त्यातले दुसरे विधान मात्र आमच्या कामाचे आहे. बिनमालकीची मांजरे आकाशातून पडत नाहीत. निर्बीजीकरण न करता बाहेर सोडलेल्या मांजरीपासून त्यांची सुरुवात होते. मांजरीचा गर्भकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा, वर्षातून दोन-तीन वेळा वीण, आणि वयाच्या पाचव्या-सहाव्या महिन्यापासूनच ती विण्यायोग्य. मांजर आपली पिल्ले सात घरे फिरवते असे आपल्याकडे म्हणतात. सातव्या घरी पोहोचेपर्यंत ती कुठल्या घरची होती, हे पहिले घर विसरलेले असते.

यावर एक आक्षेप विचार करण्याजोगा आहे. शिकार हा मांजराचा स्वभाव आहे, रानमांजर इथल्या माळरानावर पूर्वीपासून आहे आणि इथल्या पक्ष्यांना मांजर नवे नाही. हे खरे आहे. परंतु रानमांजरांची संख्या भक्ष्याच्या संख्येने बांधलेली असते. पक्षी-उंदीर कमी झाले की तीही कमी होतात. घरी वाटी भरलेली असलेल्या मांजराला हा लगाम नाही. बागेतले पक्षी संपले म्हणून ते उपाशी राहत नाही आणि पोट भरलेले असूनही पाखरू हलले की झेप घेते. त्यामुळे एका गल्लीत पंधरा-वीस मांजरे सुखाने नांदू शकतात; निसर्गात तेवढ्या जागेत एवढे शिकारी कधीच राहिले नसते. स्वभाव मांजराचा असला, तरी संख्या माणसाने वाढवलेली आहे.

दुसरा आक्षेप उंदरांचा. मांजरे हटवली तर उंदीर-घुशी वाढतील, असे पेठांतल्या वाड्यांपासून नव्या संकुलांपर्यंत सगळीकडे ऐकू येते. मांजरे हटवा अशी आमची मागणी मुळीच नाही. तरी या समजुतीलाही तपासून पाहिले पाहिजे. न्यूयॉर्कमधील एका कचरा-पुनर्वापर केंद्रात संशोधकांनी मांजरांवर आणि उंदरांवर कॅमेऱ्यांनी पाळत ठेवली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निरीक्षणांत सुमारे पाच महिन्यांत मांजरांनी प्रत्यक्ष मारलेले मोठे उंदीर होते दोन. मांजर असले की उंदीर लपून राहतात, म्हणून ते कमी झाल्यासारखे वाटते. घरातल्या छोट्या उंदरांना मांजराचा वचक असतो, पण पूर्ण वाढलेल्या घुशीच्या वाटेला शहाणे मांजर जात नाही. घुशी वाढतात त्या उघड्या कचऱ्यावर आणि तुटलेल्या गटारांवर. त्या कामाचा ठेका मांजराला देऊन महापालिकेला मोकळे होता येणार नाही, हे या निमित्ताने नम्रपणे नोंदवतो.

तिसरा आक्षेप मांजरप्रेमींचा, आणि आमच्यातील अनेकांच्या मनातलाही. मांजर म्हणजे कुत्रा नव्हे, त्याला साखळी लावून फिरवता येत नाही, आणि दोन खोल्यांत कोंडणे हा छळ आहे. मांजराला कायमचे कोंडावे असे आम्ही सुचवत नाही. खिडक्या-बाल्कनीला जाळी, चढायला उंच फळी, खेळायला रोज थोडा वेळ, एवढे असेल तर मांजर घरात आनंदाने राहते, आणि वाहनाखाली येण्यापासून, कुत्र्यांच्या तावडीतून व संसर्गजन्य आजारांपासून वाचते. शिवाय मधला मार्गही आहे. इंग्लंडमधील एक्सिटर विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात साडेतीनशेहून अधिक पाळीव मांजरे पाहिली गेली. धान्यविरहित, मांसाचे प्रमाण भरपूर असलेले खाद्य दिले तेव्हा त्यांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली. रोज पाच-दहा मिनिटे खेळवले तेव्हा २५ टक्क्यांनी. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, हा प्रश्न आपण पिढ्यानुपिढ्या विचारतो. या अभ्यासात घंटा बांधूनही शिकारीत फरक दिसला नाही. आपल्याकडची दूध-पोळी या संदर्भात आठवते. मांजर हा निखळ मांसाहारी प्राणी. त्याला दूध-पोळीवर ठेवायचे आणि मग ते बुलबुलामागे लागते म्हणून हळहळायचे, यात न्याय नाही. मांसाहार घरात चालत नसेल तर मांजर पाळताना त्याचा आधी विचार व्हावा.

यापुढचा आक्षेप आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नोंदणीचा बडगा उगारला तर मालक मांजराला नाकारतील, आणि रस्त्यावरच्या मांजरांना रोज खाऊ घालणाऱ्या बाया-माणसांवर मालकीचा शिक्का बसेल. ही भीती निराधार नाही. म्हणूनच पाळणारा आणि खाऊ घालणारा यांच्यातला भेद नियमात स्पष्ट हवा. केंद्र सरकारच्या प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ मध्ये त्याला आधार आहे. पाळीव प्राण्याचे लसीकरण, जंतनाशन व निर्बीजीकरण ही मालकाची जबाबदारी, असे ते नियम सांगतात. ज्याच्यावर कुणी मालकी सांगितलेली नाही असा वस्तीतला प्राणी त्यांनी वेगळा ओळखला आहे, आणि अशा प्राण्यांना खाऊ घालण्याची जागा लहान मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणापासून, जिन्यापासून व प्रवेशद्वारापासून दूर ठरवण्याची व्यवस्थाही दिली आहे. खाऊ घालणाऱ्यांना दंडाने नव्हे, निर्बीजीकरणाच्या सोयीने जोडून घ्यावे. कोणते मांजर कुठे बसते, कोणते गाभण आहे, कोणते आजारी, हे त्यांच्याइतके महापालिकेच्या कोणत्याही पथकाला ठाऊक नसते.

या संदिग्धतेतून निघणारा सर्वांत वाईट परिणाम टेकड्यांवर दिसतो. मांजर मारले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते, ही समजूत अजून टिकून आहे. त्यामुळे मारण्याचे पाप टाळून मांजराला पोत्यात घालून तळजाईवर किंवा वेताळ टेकडीवर सोडून येणारे स्वतःला दयाळू समजतात. घरच्या वाटीवर वाढलेले मांजर तिथे उपासमारीने, तहानेने किंवा कुत्र्यांच्या तोंडी मरते. जगले तर जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या मुळावर येते. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११ नुसार, उपासमार वा तहान होईल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये! एवढ्यात मांजराला टेकडीपर्यंत न्यायचे रिक्षाभाडेही सुटत नाही. तो कायदा बदलणे आपल्या अधिकारात नाही, हे आम्ही जाणतो. पण मांजर कुणाचे हे नोंदीवरून कळले, तर ते सोडून देणाऱ्याला निदान गाठता तरी येईल.

म्हणून आमची पहिली मागणी अशी की, परवान्याचा निर्णय सर्व क्षेत्रीय कार्यालयांत प्रत्यक्ष राबवावा आणि नोंदवलेल्या प्रत्येक मांजराला क्रमांकाचा बिल्ला किंवा मायक्रोचिप द्यावी. पट्टा फांदीत अडकून मांजराचा गळा आवळला जाऊ नये म्हणून ताण पडताच सुटणारा पट्टाच मान्य करावा. निर्बीजीकरण व रेबीज प्रतिबंधक लसीकरणाचा दाखला देणाऱ्या मालकाला शुल्क माफ असावे. शुल्काने तिजोरी भरणार नाही, नोंद मात्र भरेल. मांजरांच्या निर्बीजीकरणासाठी कुत्र्यांच्या कार्यक्रमापासून स्वतंत्र तरतूद व स्वतंत्र जागा हवी, कारण कुत्र्यांच्या भुंकण्याने घाबरलेले मांजर हाताळणे अवघड असते. वस्तीतली मांजरे खाऊ घालणाऱ्यांनी आणल्यास शस्त्रक्रिया विनाशुल्क व्हावी, कानावर खूण करावी आणि मांजर मूळ जागीच परत सोडावे. एका जागेतली मांजरे उचलून नेली की रिकाम्या जागेत दुसरी येतात; तशी मोहीम वारंवार करावी लागते आणि प्रश्न तिथेच राहतो.

विक्रीकडेही लक्ष हवे. पर्शियन जातीची पिल्ले हौसेने घेतली जातात आणि केसांची निगा झेपेना की दाराबाहेर होतात. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे केंद्रीय नियम आहेत. दुकानात विकल्या गेलेल्या प्रत्येक पिल्लाची माहिती महापालिकेच्या नोंदीत यावी, म्हणजे पहिल्या दिवसापासून मालक निश्चित होईल. उद्यान विभागाने बालोद्यानांतल्या वाळूच्या हौदांना रात्री झाकण घालावे आणि खाऊ घालण्याची जागा घरट्यांच्या झुडपांपासून दूर नेमावी. मार्च ते जुलै या विणीच्या काळात पहाटे व संध्याकाळी मांजरे घरात ठेवण्याचे आवाहन महापालिकेने करावे. त्याची सक्ती आज शक्य नाही, हे आम्हालाही मान्य आहे.

तक्रार आल्यावर काय करायचे, हेही ठरलेले असावे. आज तक्रारदाराला सांगितले जाते ते एकच, मांजर आम्ही पकडत नाही. त्याऐवजी पशुवैद्यकीय विभागाने मालक शोधावा, पहिल्या वेळी समज द्यावी, निर्बीजीकरणासाठी मुदत द्यावी आणि ती टळली तरच दंड करावा. याचा आधार घेऊन कोणत्याही सोसायटीने मांजर पाळण्यावरच बंदी घालू नये. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तशी बंदी घालता येत नाही. विष घालणाऱ्यांबाबतही महापालिकेने स्पष्ट सूचना काढावी : प्राण्याला ठार करणे वा जायबंदी करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा आहे. बाग उकरली म्हणून विष घालणारा आमच्या बाजूचा नाही.

वरील मागण्यांवर आरोग्य व उद्यान या दोन्ही विभागांची एकत्रित बैठक आगामी विणीच्या हंगामापूर्वी बोलवावी, तीत मांजर पाळणाऱ्यांना, खाऊ घालणाऱ्यांना आणि बागा करणाऱ्यांना बोलण्याची संधी द्यावी, आणि परवान्याच्या निर्णयानंतर क्षेत्रीय कार्यालयनिहाय आजवर किती मांजरांची नोंद झाली याची आकडेवारी आम्हाला लेखी कळवावी, ही विनंती.

आपले नम्र,
परिसरातील नागरिक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
पशुवैद्यकीय विभाग, पुणे महानगरपालिका
उद्यान विभाग, पुणे महानगरपालिका