कापलेल्या कविता आणि हिरोशिगेचे मासे

१/ उतागावा हिरोशिगे (१७९७–१८५८) याच्या मत्स्यचित्रांचे आज सर्वत्र कौतुक होते. पोस्टरे, दिनदर्शिका, मोबाइलची कव्हरे यांवर त्याचे मासे झळकतात. मात्र अशा कित्येक प्रतींमधून माशाभोवतीच्या मोकळ्या जागेतील उभ्या ओळी कापलेल्या असतात. त्या ओळी म्हणजे कविता होत, आणि चित्रे जन्मली ती त्या कवितांसाठी.

२/ १८३०च्या दशकाच्या आरंभी एदो, म्हणजे आजच्या टोकियोतील एका कविमंडळाने स्वतःच्या रचनांसाठी हिरोशिगेकडून दहा चित्रांचा पहिला संच करून घेतला. रचनांचा प्रकार ‘क्योका’. साचा जुन्या दरबारी कवितेचा, ५-७-५-७-७ मात्रांचा. आशय मात्र थट्टेचा आणि श्लेषाचा.

३/ ‘हे शास्त्रीय मत्स्यचित्रण आहे’ असे वारंवार सांगितले जाते. निरीक्षण अचूक आहे, यात वाद नाही. पण निव्वळ शास्त्रीय चित्रात बोय माशाशेजारी कॅमेलियाचे फूल आणि ‘उदो’ भाजीचे कोंब कशासाठी येतील? ते ऋतू सुचवतात आणि स्वयंपाकघरही.

४/ एदोत मासा भाषेतही पोहत होता. ‘ताई’ मासा मंगलप्रसंगी हवाच, कारण ‘मेदेताई’ (शुभ) या शब्दात त्याचे नाव ऐकू येते. हंगामातील पहिल्या ‘कात्सुओ’साठी हौशी एदोकर अवाच्या सवा किंमत मोजत. हा सारा संदर्भ कवीला आणि वाचकाला ठाऊक होता.

५/ ‘हिरोशिगेच्या हातचे मूळ चित्र’ ही कल्पनाही फसवी. पातळ कागदावरील त्याचे रेखाटन चेरीच्या लाकडी ठोकळ्यावर पालथे चिकटवले जाई आणि कोरतानाच नष्ट होई. मग रंगांसाठी निराळे ठोकळे कोरले जात. छापणारा खुणांशी कागद जुळवून ‘बारेन’ या चकतीने तो घासत असे. कवितेचे प्रत्येक वळणदार अक्षरही कोरणाऱ्याने लाकडात उलटे कोरलेले असे. ओळी कापल्या की त्याचे श्रमही कापले जातात.

६/ बचाव ठरलेला असतो: ‘ती लिपी कोणाला वाचता येते? चित्र स्वतःच सुंदर आहे.’ सौंदर्य मान्य. पण मोडी वाचता येत नाही म्हणून शिवकालीन पत्रातील मजकूर फाडून कोणी केवळ मुद्रा जपली, तर त्याला इतिहासप्रेमी म्हणावे काय?

७/ कवी, कोरणारा, छापणारा, प्रकाशक आणि बाजार पुसले, की उरतात ‘एकाकी प्रतिभावंत’ आणि ‘निसर्गवेडा जपान’. दोन्ही प्रतिमा विकायला सोप्या आहेत, आणि दोन्ही अपुऱ्या. चित्र दाखवायचे तर अखंड दाखवावे आणि त्याखाली कवितांचा अर्थ द्यावा. इतिहासाच्या नावाने चित्रे मांडणाऱ्यांकडून एवढी अपेक्षा अवाजवी नाही.