ग्वाग्वा आली का?

मैत्रिणींनो, माझी भाची स्पॅनिश शिकली ती एका क्यूबन बाईंकडे आणि नोकरीला गेली चिलीत! एकदा शेजारच्या आजी काळजीनं म्हणाल्या, "लेकीची ग्वाग्वा अजून आली नाही गं!" ही चटकन बोलून गेली, "मग टॅक्सी करायला सांगा ना!" आजींचा चेहरा खर्रकन उतरला.

क्यूबात ग्वाग्वा म्हणजे बस. पोर्तो रिकोत आणि स्पेनच्या कॅनरी बेटांवरही तेच. पण चिली, बोलिव्हिया, पेरूकडे ग्वाग्वा म्हणजे चक्क तान्हं बाळ! तिथल्या केचुआ भाषेतल्या 'वावा'वरून हा शब्द आलेला. आजींच्या लेकीचे दिवस भरले होते, आणि ही टॅक्सी सुचवत होती!

नशीब, हिनं लगेच विचारलं, "आजी, तुमच्याकडे ग्वाग्वा म्हणजे काय हो?" उलगडा झाला नि दोघी पोट धरून हसल्या. नात झाली तेव्हा पहिला फोन हिलाच आला.

एखादा शब्द मनाला लागला, तर अबोला धरण्याआधी आपणही एवढंच विचारावं. नव्या सुनेनं तर विचारावंच, आणि तिच्या सासूबाईंनीसुद्धा!